हात मागे बांधणाऱ्या आक्का

आमच्या दवाखान्यात पेशंटबरोबर कोणी आलं, की आक्का त्याला आधी हात मागे बांधायला लावायच्या. मुलगा असो, सून असो, नाहीतर गावातला मोठा बागायतदार असो. शाळेत शिक्षा झाल्यासारखी माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहायची. स्वतः आक्काही पेशंटसमोर तशाच, दोन्ही हात पाठीमागे गुंफून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "आता ह्यांचं हे करतील. कुणी हात लावायचा न्हाई."

मी साताऱ्यात वाढले, लग्न होऊन तासगावला आले आणि इथेच फिजिओथेरपीचा दवाखाना काढला. आक्का माझ्याकडे मदतनीस होत्या. व्यायाम मी ठरवून द्यायचा, तो रोज त्यांनी करून घ्यायचा, आणि कोण पुढे सरकलं, कोण मागे आलं, ते मला सांगायचं, अशी आमची वाटणी. हे सांगणं त्यांच्या पद्धतीचं असे. "त्या मास्तरांचा खांदा आज रुसलाय," असं त्या म्हणाल्या की मी समजायचे, मास्तरांनी घरी काही केलेलं नाही.

त्या मूळच्या कर्नाटकाच्या सीमेलगतच्या जतकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. नवरा लवकर गेला. शेत होतं, पण पावसाच्या भरवशावरचं, आणि प्यायचं पाणी टँकरचं. म्हणून त्या कामाला सांगलीत आल्या, एका हॉस्पिटलात बरीच वर्षं आया होत्या, तिथून माझ्याकडे. काठाची साडी आणि खाली पांढरे स्पोर्ट शूज हा त्यांचा वेष. त्या बुटांचा त्यांना भारी अभिमान. दवाखान्यात कुणाचा पाय चुकून त्यावर पडला तर पेशंटचा पाय दुखावला की नाही हे त्या नंतर विचारायच्या.

व्यायामाचे आकडे त्या कानडीत मोजायच्या. ओंदु, एरडु, मूरु. मी एकदा विचारलं, तुम्हाला मराठी मोजता येत नाही का? तर म्हणाल्या, मराठीत मोजलं की माणूस आठालाच थकतो, कारण दहा जवळ आलेले त्याला कळतात. कानडीत किती झाले ते कळतच नाही, बिचारा करत राहतो. शिवाय त्या मधले आकडे खुशाल पुन्हा म्हणायच्या. बेदाण्याच्या एका व्यापाऱ्याने मात्र ही चोरी पकडली, कारण त्याच्याकडे कामाला सीमेपलीकडची माणसं होती. आक्कांनी त्याच्यापुढे मोजणंच सोडलं. त्या त्याला बाजारातल्या भानगडी विचारायच्या. तो रंगात येऊन सांगत बसायचा आणि गुडघा वाकवत राहायचा.

त्यांच्या नियमाने एकदा मोठी पंचाईत केली. एक आजोबा दोन्ही बाजूंच्या दांड्या घट्ट धरून पहिल्यांदाच चालत होते. आक्का त्यांच्या तोंडाकडे बघत मोजत होत्या. चालता चालता आजोबांचं धोतर सुटायला लागलं. मुलगा मागेच उभा होता, पण हात बांधून. हुकूम मोडायची त्याची छाती होईना. आजोबांना दांडी सोडता येईना. शेवटी तेच काकुळतीला येऊन म्हणाले, "बाई, धोतराला तरी हात लावू दे की त्याला." आक्का इतक्या हसल्या, की त्यांनाच खाली बसावं लागलं.

तुम्हीही पाहिलं असेल, आपल्याकडे माणूस आजारी पडला की सगळं घर त्याच्याभोवती गोळा होतं. पाणी ओठांशी, घास तोंडात, उठवायला चौघांचे हात. जितकी सेवा जास्त, तितकं सुनेचं नाव मोठं. हे सगळं प्रेमानेच चालतं, पण लकव्याच्या माणसाचा घात तिथेच होतो. हात वापरला नाही की मेंदू त्याला विसरायला लागतो. हे मी कागदावर मेंदूचं चित्र काढून समजावायचे. लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन पुन्हा भरवायला बसायचे.

आता त्या म्हातारीची गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय आक्का पुऱ्या होत नाहीत.

तासगावच्या बाहेर द्राक्षबागेत त्यांचं घर होतं. मुलगा फौजेत, घरी म्हातारी आणि सून. म्हातारीची उजवी बाजू लकव्याने गेली होती. पाय बऱ्यापैकी सुधारला. हातातही जोर येत होता, बोटं मिटत होती, पण ती तो हात मांडीवर ठेवून द्यायची, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. डाव्या हाताने खायचं तर नावच नको. डाव्या हाताने कुणी जेवतं का, असं म्हणून तिने माझाच उद्धार केला. मग राहिली सून. तिन्ही वेळा ती सासूला भरवायची, तोंड पुसायची, मग स्वतः जेवायची. आसपासच्या वस्तीत तिचं नाव झालं होतं. सून असावी तर अशी, असं बायका आपापल्या सुनांना ऐकवायच्या.

घरी जाऊन व्यायाम घ्यायचं काम आक्कांकडे होतं. काही दिवसांनी त्या मला म्हणाल्या, हे भरवणं बंद केल्याशिवाय तो हात येत नाही. मलाही तेच वाटत होतं. आम्ही ठरवलं, सकाळ-संध्याकाळ सुनेने भरवावं, पण दुपारचं जेवण म्हातारीने उजव्या हाताने स्वतः खायचं. सून ऐकून पांढरी पडली. तिला सासूचं वाईट वाटत होतंच, पण त्याहून मोठी भीती होती ती नावाची. सासूपुढे ताट ठेवून ही बाजूला बसली, असं लोक म्हणणार. ते एकदा चिकटलं की जन्मभर जात नाही.

आक्कांनी तिला सांगितलं, दुपारी मी येऊन बसत जाईन. जे काही बोलणं होईल ते माझ्यावर घेते.

आणि घेतलं. पहिल्या दिवशी म्हातारीने ताटाला हात लावला नाही. आक्कांनी समोर बसून आपला डबा खाल्ला. म्हातारीने त्यांच्या सात पिढ्या काढल्या. आक्का उठून गेल्यावर सुनेने चोरून दूधभात भरवला, ते आम्हाला माहीत होतं आणि आम्ही त्याची चौकशी केली नाही. दुसऱ्या दिवशी तेच. शेजारच्या बायका डोकावू लागल्या. आक्का मुद्दाम उंबऱ्यात बसायच्या आणि आलेल्या प्रत्येकीला सांगायच्या, "सुनंचा ह्यात कायबी संबंध न्हाई. म्या सांगितलंय. बोलायचं ती मला बोला."

बायका बोलल्याच. दवाखान्यातली ती जतची बाई म्हातारीला उपाशी मारते, अशी गोष्ट गावात आली. माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये आक्का बसल्या की शेजारची बाई पदर सावरून सरकून बसायची. आक्का हे मला नकला करून सांगायच्या, आणि मी हसायचे. त्यांना त्याचं काही वाटत असेल असं मला कधी जाणवलं नाही.

एवढ्यात म्हातारीच्या लेकीच्या कानावर ही गोष्ट गेली. ती पाटणला दिली होती. ती तडक आली, आईच्या गळ्यात पडून रडली आणि वहिनीला टाकून बोलली. मी मध्ये पडून समजवायला गेले, तर म्हणाली, "डॉक्टरीणबाई, तुमचं शिक्षान तुमच्यापाशी ठिवा. माज्या आईला मी माज्या हातानं भरवीन." रविवारी गाडी घेऊन येते, आईला पाटणला नेते, असं सांगून ती गेली.

ती काही वाईट बाई नव्हती. आईवर जीव होता तिचा. पण म्हातारी पाटणला गेली की तो हात गेला, हे मला आणि आक्कांना दिसत होतं. सुनेला दुसरंच दिसत होतं. लेकीने आईला सुनेच्या घरातून उचलून नेलं, एवढंच लोक बोलणार होते. ती माझ्याकडे येऊन रडली आणि म्हणाली, हे सुट्टीवर आले की मी काय सांगू.

त्या आठवड्यात म्हातारीने दुपारी थोडं थोडं खाल्लं, पण रागाने. निम्मं मांडीवर सांडायचं आणि त्याचा दोष आक्कांना जायचा.  आक्का सांडलेलं उचलायच्या नाहीत.

रविवारी आम्ही दोघी तिथे गेलो. गाडी दारात उभी होती, आईच्या कपड्यांचं गाठोडं बांधून झालं होतं. निघण्याआधी दोन घास खाऊन घे म्हणून लेकीने ताट वाढून घेतलं, भाकरी आमटीत चुरली आणि घास आईच्या तोंडाशी नेला. म्हातारीने तोंड फिरवलं.

लेकीला वाटलं, रुसली. तिने पुन्हा घास पुढे केला. तेव्हा म्हातारीचा उजवा हात मांडीवरून हलला. सावकाश ताटाकडे आला. बोटं भाकरीवर पडली, पण मिटेनात. तुकडा सुटला. लेकीचा हात आपसूक मदतीला गेला आणि तिथेच थांबला, कारण म्हातारीने तिच्याकडे रोखून पाहिलं. मी आक्कांच्या मागे उभी होते. त्यांचे पाठीमागे गुंफलेले हात मला दिसत होते. बोटं इतकी आवळली होती, की नखं पांढरी झाली होती. त्या क्षणी मला कळलं, की आयुष्यभर ते हात मागे बांधायला त्यांना किती जोर लागला असेल.

म्हातारीने पुन्हा घास धरला. या वेळी तो राहिला. कोपर वाकडं झालं, आमटीचा ओघळ लेकीच्या साडीवर पडला, आणि तो घास म्हातारीच्या तोंडाकडे गेलाच नाही. लेकीच्या तोंडाशी जाऊन थांबला.

"म्हायेराला आलीस न्हवं," म्हातारी म्हणाली. "आदी तू खा."

लेकीने तो घास खाल्ला आणि ती ढसाढसा रडली. सून दाराआड रडत होती. मी डॉक्टर असून माझाही निभाव लागला नाही. मग म्हातारीने स्वतःचं जेवण स्वतःच्या हाताने संपवलं, आमच्या कुणाकडे न बघता, आणि पाणी पिऊन झाल्यावर आक्कांकडे बोट दाखवलं. "आता तरी हिला घालवा माज्या म्होरनं." आक्का म्हणाल्या, "निगालेच बगा." आणि बाहेर जाऊन बूट घालू लागल्या.

गाडी तशीच पाटणला परत गेली. सुनेचं नावही राहिलं. वाईट नाव काय ते आक्कांकडे राहिलं.

पुढच्याच वर्षी जतच्या त्यांच्या भागात कालव्याचं पाणी आलं. धाकट्या दिराचा फोन आला, शेत भिजलंय, तुमच्या वाटणीचं येऊन बघा. आक्का दोन दिवसांच्या रजेवर गेल्या आणि परत आल्या त्या सामान न्यायलाच. पोटभर पाणी पिणारी आपली जमीन त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली होती. थांबा म्हणायला माझी जीभ रेटेना. जाताना त्यांनी नव्या मुलीला सगळं दाखवलं. ती मुलगी चांगली आहे. मराठीत मोजते आणि पेशंट आठाला थकतात.

मध्ये कितीतरी महिने गेले. एके दिवशी दवाखान्यात ती म्हातारी आली, काठी टेकत, एकटी. सून बाहेर रिक्षात थांबली होती. गुडघा दुखतो म्हणाली. मी तपासत असताना तिची नजर सगळ्या खोलीत फिरत होती. मग विचारलं, ती कुठे आहे?

मी सांगितलं, त्या गावी गेल्या. शेताला पाणी आलंय.

म्हातारीने काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मला न सांगता गेली व्हय? तिला एक डाव जेवू घालायचं हुतं. माज्या हातानं भाकरी थापून." आणि उजवा हात पुढे करून तिने मला दाखवला. तळव्याला अजून पीठ होतं.

त्याच संध्याकाळी मी आक्कांना फोन लावला. त्या बांधावर होत्या. पिकात पाणी सोडायला, दारे धरायला गेल्या होत्या आणि पंपाचं पाणी पडल्याचा आवाज येत होता. म्हातारीचा निरोप मी जसाच्या तसा सांगितला. पलीकडे बराच वेळ नुसतं पाणीच ऐकू आलं. 

"मला वाटायचं, ती माजं त्वांडबी बगायची न्हाई," शेवटी त्या म्हणाल्या.  नकला करून दाखवलेली ती जीपमधली बाई, तो सावरलेला पदर, ते सगळं त्यांनी कुठे ठेवलं होतं ते मला आत्ता कळत होतं आणि माझं मलाच फार वाईट वाटलं.

येते म्हणाल्या. ज्वारी निघाली की येते. मग फोन ठेवता ठेवता थांबल्या.

"मॅडम, म्हातारीला म्हणावं, भाकरी थापू नगं. हात दुकंल तिचा. सून करंल, ती खाईन मी."

हा निरोप मात्र मी पोचवलेला नाही.