टॉवरची सोयरीक

“मंग वरबाप तुम्हीच म्हणा की!” चहावाल्याने टॉवरच्या वॉचमनकाकांना चिडवलं.

“बिलकुल! दोन कंपन्यांची सोयरीक जमली. त्यांचं सामान आता आपल्याच टॉवरवर येऊन राह्यलं.”

वाटूर फाट्यावर दोन मोबाइल कंपन्यांचे दोन टॉवर होते. आता एकच राहणार होता, आणि एकच वॉचमन. मी तिथे रोज जालन्याच्या बससाठी थांबायची. काका “रेंज बराबर हाय ना?” विचारायचे, मी नुसती मान हलवायची. वारा सुटला की झाडावर चढलेल्या नातवाकडे बघावं तसे ते टॉवरकडे बघत राहायचे. येणाऱ्या मशीनसाठी त्यांनी कुंपणाच्या आत जागा झाडून चुन्याने चौकोनही आखला होता.

त्या सकाळी त्यांनी कंपनीचं इंग्रजी पत्र माझ्यापुढे धरलं. “ताई, तुम्ही इंग्रजी शाळेच्या. मशीन कोणत्या तारखेला येतं, तेवढं सांगा.”

मी पत्र दोनदा वाचलं. बस आली होती. नुसती तारीख सांगून चढता आलं असतं. काका चुन्याचे हात पँटला पुसत उभे होते.

“काका,” मी म्हणाले, “ही तारीख आपला टॉवर उतरवायची आहे. आपलं सामान त्यांच्याकडे जाणार आहे.”