हद्दीपलीकडचा घास

आमचे अण्णा कुठल्याही हॉटेलात पुढच्या दाराने शिरत नसत. गाडी थांबली की ते थेट मागे जायचे, भट्टीपाशी. आम्ही इकडे हात धुऊन टेबलावर बसलेलो. थोड्या वेळाने ते यायचे आणि उभ्याउभ्याच सांगायचे, "उठा. कोळसा वला हाय." पोटात कावळे कोकलत असले तरी उठावं लागायचं, कारण गाडीची किल्ली अण्णांच्या खिशात असायची. त्या कोळशापायी मी कितीदा बिस्किटांवर रात्र काढली आहे.

शेतावरच्या पाण्याच्या मोटारी विकणाऱ्या कंपनीत आम्ही दोघे होतो. मी विकायचो आणि अण्णा दुरुस्त करायचे. उजनीकाठची गावं, विजयपूर, कलबुर्गी, मीटिंग असली तर पुणे, अशी आमची भटकंती. गिऱ्हाईकाची मोटार कुठली, हे अण्णांना आठवत नसे, पण त्याच्या गावाच्या फाट्यावर मटणाची शीक कशी भाजतात ते तोंडपाठ. टेंभुर्णीकडचा मसाल्याने मांस झाकतो, कलबुर्गीचा घाई करतो, विजयपूर रोडचा तो एकटा माणूस आहे, बाकी सगळी हमाली. हे असं सोलापूर ते कुर्डुवाडी चालायचं. माणूस कंपनीच्या पगारावर होता की कबाबांच्या, असा प्रश्न मला पडे.

एकदा पुण्यात साहेबांनी सगळ्यांना बार्बेक्यूला नेलं. तिथे टेबलाच्या मधोमधच शेगडी. अण्णांना मागे जायला वावच नाही. मग त्यांनी काय करावं? कोळसा बघायला टेबलाखाली वाकले. काही पडलं असेल म्हणून वेटरही वाकला. दोघं बराच वेळ खालीच बोलत होते. वर आल्यावर अण्णा मला म्हणाले, "भाजायचं आपण, फिरवायचं आपण, मग ह्यो गडी हितं कशाला हुबा हाय?" जाताना मॅनेजरने जेवण कसं झालं म्हणून विचारलं. अण्णांनी सूप चांगलं म्हटलं, पान चांगलं म्हटलं, आइस्क्रीम लई चांगलं म्हटलं. कबाबाबद्दल अवाक्षर नाही. मॅनेजर खूश होऊन गेला.

आता तुम्हाला वाटेल, असल्या माणसाच्या घरी दर रविवारी मटण शिजत असणार. नाव काढू नका. घर कडक शाकाहारी, देवपूजेशिवाय चहा नाही. नोकरी लागली तेव्हा अण्णांनी आईला सांगितलं, की रस्त्यावर शाकाहारी काही मिळतच नाही. आमच्याकडे कुठल्याही ढाब्यावर पिठलं-भाकरी मिळते, त्यामुळे ही थाप किती मोठी होती ते तुम्हीच ठरवा. म्हातारी काही दुधखुळी नव्हती. नोकरीच्या वाटेवर पोटाला मिळेल ते खा म्हणाली, आणि पुढे कानडीत दोनच शब्द, "ऊराग ब्याड." गावात नको.

झालं. तेव्हापासून आमच्या सोलापूरच्या हद्दीत अण्णांनी बोटभर शीक चाखली नाही. शीकवाल्यांच्या गल्लीतून ते स्कूटर नेत तेव्हा श्वास धरून नेत. पुढे आई गेली, तरी गल्ली आली की श्वास बंदच.

मग अण्णा रिटायर झाले आणि त्यांनी हॉटेल काढलं. मला वाटलं, चला, इतकी वर्षं लोकांना नावं ठेवली, आता हा माणूस दाखवून देणार. भवानी पेठेत मेहुण्याची बंद पडलेल्या यंत्रमागांची शेड रिकामीच होती. तिथे भट्टी बांधली, बाभळीचा कोळसा आणला, हैदराबादकडचा आचारी आणला. पहिली शीक उतरली. आचाऱ्याने ताटली पुढे धरली, आणि तेव्हा कुठे अण्णांच्या लक्षात आलं, की आपण हद्दीच्या आत आहोत. भट्टी बांधून झाल्यावर! आयुष्यभर इतरांचा कोळसा तपासला, पण स्वतःचा पत्ता तपासायचं राहून गेलं.

पण मागे हटतील तर ते अण्णा कसले. मी स्कूटर चालवायची, त्यांनी मागे ताटली धरून बसायचं, आणि शहराची हद्द संपल्याची पाटी ओलांडली की चाखायचं. एव्हाना वाऱ्याने शीक गारढोण. "थंड हाय," अण्णा म्हणायचे. पुन्हा मागे. दुसरी ताटली. तीही थंड. मसाला बदलला, आच वाढवली, तरी निकाल तोच. आठवडाभरात आचाऱ्याने कपडे भरले. "हम शीक पे भूनते, तुमे गाडी पे चखते. कैसा जमता?" म्हणाला आणि गेला. नंतरचे आचारी सगळे भाडोत्री. गिऱ्हाईकं नाकं मुरडू लागली.

एका संध्याकाळी मी शटर ओढलं आणि वैतागून म्हटलं, अण्णा, एक घास टाका तोंडात, हॉटेल बुडतंय, इथे बघतंय कोण?

"कोण न्हाय, म्हणूनच की," ते म्हणाले. "आई हुती तवा ती बघायची. आता मलाच बघाय लागतंय."

हॉटेल बंद झालं. अण्णा घरी ओट्यावर बसू लागले. अंगातला शर्ट ढगळ दिसू लागला. मला बघवेना. एका रविवारी म्हटलं, चला विजयपूर रोडच्या त्या शीकवाल्याकडे, हद्दीच्या पार बाहेर आहे. त्यांनी विचारलं, तिकडे काम काय? काम कसलं, खायला. "मग न्हाय," ते म्हणाले. "नोकरीच्या वाटंवर खा म्हणली हुती. नुसतं खायासाठी वाट काढ म्हणली न्हवती."

असा राग आला म्हणून सांगू! मेलेल्या आईला इतकी वर्षं कोण घाबरतं? पण घरी जाऊन मला जेवण गेलं नाही.

शेवटी मी काम तयार केलं. उजनीकाठी केळीचा एक बागायतदार आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या रानाजवळच, पाण्याच्या कडेला, कोळशावर भाजणारं नवं हॉटेल झालं होतं. मी त्याला पढवून अण्णांना फोन करायला लावला, की मोटार पाणी कमी टाकते आणि तुमच्याशिवाय कुणाला कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा हत्यारांची पिशवी घेऊन माझ्या दारात उभे.

रानात त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून आवाज ऐकला. मग माझ्याकडे बघितलं. बागायतदार बिचारा मातीकडे बघत होता. मोटार ठणठणीत होती हे तिघांनाही माहीत होतं. संपलं, आता हा माणूस परत फिरणार, मी मनात म्हटलं.

अण्णांनी बटण बंद केलं, खाली बसकण मारली आणि मोटार खोलायला घेतली. बघता बघता पंखा, बेअरिंग, सील, सगळं पोत्यावर. बागायतदाराच्या तोंडचं पाणी पळालं. वीज दुपारपर्यंतच असायची आणि केळीला पाणी द्यायचं होतं.

"अण्णा, बरी चालली हुती की वो!"

"व्हय," अण्णा म्हणाले. "आता बंद हाय. आता काम हाय."

मग ते जे खपले! बेअरिंग काढलं, धुतलं, ग्रीस भरलं, सील नवं घातलं. ऊन डोक्यावर आलं. बागायतदार मला अशा शिव्या घालत होता की त्या इथे लिहिता येत नाहीत. अखेर बटण दाबलं. पाइपाने दोनदा खाकरल्यासारखं केलं आणि मनगटाएवढी धार पाटात पडली.

अण्णांनी त्या धारेत कोपरापर्यंत हात धुतले. सावकाश धुतले, नखांतलं ग्रीस काढून धुतले. मग ओले हात तसेच पुढे धरून मला म्हणाले, "झालं काम. चल, कुटं जेवायचं ते दाव."