चुलत आजोबांच्या हाराखाली

मी एकोणीस वर्षांचा असताना आमच्या घराच्या भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीशेजारी, माझ्या फोटोला हार घातला गेला. मी चांगला धडधाकट होतो. गेले होते ते माझे चुलत आजोबा, आजोबांचे धाकटे भाऊ. दुसऱ्या महायुद्धात फौजेत भरती झाले आणि ब्रह्मदेशात कुठेतरी मारले गेले. तेव्हा त्यांचं वय माझ्याएवढंच होतं.

त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. माझी पणजी, म्हणजे त्यांची आई, अजून खुटखुटीत होती. सगळे तिला थोरली माय म्हणत. आजोबा वारले, त्यांचा फोटो भिंतीला लागला, आणि थोरल्या मायनं हट्टच धरला की धाकट्याचाही पाहिजे. वडिलांनी मानवतच्या एका फोटोवाल्याला विचारलं. तो म्हणाला, चेहरा जुळणारा माणूस आणा, बाकीचं मी बघतो. घरात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हुबेहूब त्यांच्यासारखा आहे असं थोरली माय माझ्या लहानपणापासून सांगायची. खरंखोटं करणारं कोणी उरलं नव्हतं. ते गेले तेव्हा वडील चार-पाच वर्षांचे होते. त्यांना त्या काकांच्या खांद्यावर बसल्याचं आठवायचं, चेहरा नाही.

गावातल्या एका होमगार्डचा खाकी शर्ट मागून आणला. तो इतका ढगळ होता की फोटोवाल्यानं पाठीमागून टाचण्या लावल्या. मी जरा हसलो तर तो रागावला. म्हणाला, हसरा फोटो हाराखाली बरा दिसत नाही. नंतर त्यानं पेन्सिलीनं मिशी काढली. आई मात्र दोन दिवस कुणाशी बोलली नाही. जित्या माणसाला हार घालतात का, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि ते कोणी ऐकलं नाही.

सुरुवातीला मलाही गंमत वाटली. पाहुणे फोटोला हात जोडायचे, मग माझ्याकडे बघून ओशाळायचे. पोरं मला 'या शहीद' म्हणायची. पण थोरली माय बदलली. मी कुठं निघालो की ती दारात येऊन बसायची. कवा जायलास, कवा यायलास, पन्नास प्रश्न. औरंगाबादच्या कॉलेजात मला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं, त्या दिवसापासून तिनं भाकरीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले, तिचं वय बघ, थोडं थांब. मी चिडलो. किती थांबू, तेही कोणी सांगेना. मला वाटायला लागलं की त्या फोटोनं म्हातारीची गफलत झाली आहे. खरा चेहरा सापडला तर ती मला सोडेल.

एका लग्नात सोनपेठकडच्या पाहुण्यांनी सांगितलं की त्यांच्या शेजारगावात ब्रह्मदेशात लढलेला एक म्हातारा आहे. मी घरी न सांगता एसटीनं सोनपेठला गेलो आणि तिथून नदीच्या दिशेनं पायी. म्हातारा ओसरीत दोर वळत होता. मी चुलत आजोबांचं नाव आणि गाव सांगताच त्याचे हात थांबले. दोघं एकाच तुकडीत होते. त्यानं सांगितलं, आजोबा बुटके होते, डावखुरे होते. सही करायला फौजेत शिकले आणि मग दिसेल त्या कागदावर सही करत सुटले. लढाईत नाही, नाल्यावर पाणी आणायला गेले असताना त्यांना गोळी लागली. मी विचारलं, भरती का झाले? आमच्या घरी तर देशासाठी असं सांगतात.

म्हातारा म्हणाला, "माय उंबरा वलांडू देत न्हाई म्हनायचा. बाजाराला जातो म्हनून निघाला आन् भरतीच्या रांगेत उभा ऱ्हायला. रजा मिळाली तरी गेला न्हाई घरी. गेलो तर ती परत सोडनार न्हाई म्हनायचा."

मी त्या ओसरीत बसून राहिलो. मला त्या न पाहिलेल्या माणसाचा फार लळा लागला, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. म्हाताऱ्यानं ट्रंकेतून एक फोटो काढून दिला. दोन रांगांत आठ जवान होते. बसलेल्यांतला तिसरा म्हणजे आजोबा. गोल चेहरा, जाड कान, आणि दात दाखवून हसत होते. माझ्याशी नाकसुद्धा जुळत नव्हतं.

घरी आलो तेव्हा थोरली माय दारात ज्वारी निवडत होती. त्यात कोण आहे ते न सांगता मी फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो उजेडाकडे धरला आणि लगेच तिसऱ्या चेहऱ्यावर अंगठा ठेवला. अंगठा कितीतरी वेळ तिथंच होता. मला वाटलं, सुटलो. मी म्हणालो, आता हा भिंतीला लावू, माझा काढू, आणि सोमवारी मला कॉलेजला जाऊ दे.

तिनं फोटो मला परत दिला.

"ह्यो बाजाराला म्हनून गेला," ती म्हणाली. "ह्याला लावून काय करू? त्यो भिंतीवरला घरात हाय."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. पहिल्यापासून. मी त्यांच्यासारखा दिसत नाही हेसुद्धा. तिची चूक झाली असती तर मी ती दाखवून दिली असती. इथं दाखवायला काही नव्हतं. मी शेजारी उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिलं. त्यांनी खाली पडलेले ज्वारीचे दाणे गोळा करायला घेतले.

प्रवेशाची मुदत सोमवारी संपत होती. त्या सकाळी म्हशीसाठी मानवतच्या बाजारातून सरकीची पेंड आणायची होती. मी आणतो म्हणालो आणि पिशवी घेतली. थोरल्या मायनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तू ऱ्हा," ती म्हणाली. "तुझा बाप जाईल."