श्रावणराव आणि अपुरी ‘बोडी’

श्री. श्रावणराव लांजेवार यांची आणि माझी पहिली ओळख शाळेच्या प्रयोगशाळेत झाली. मी रसायनशास्त्राची शिक्षिका म्हणून नागपूरहून भंडाऱ्याला नुकतीच रुजू झाले होते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, मधल्या सुट्टीत, चित्रकलेचे शिक्षक दारात येऊन उभे राहिले. उंच, किंचित वाकलेले, खादीचा सदरा, बोटांची नखं तपकिरी पडलेली. स्वतःचं नावही न सांगता त्यांनी विचारलं, “बाई, सोडियम सल्फाइट हाय का तुमच्याकडं? माह्यावालं हवा लागून खराब झालं.”

चित्रकलेला ते कशाला, असं मी विचारलं. फोटो धुवायला, ते म्हणाले, आणि मग घंटा होईपर्यंत, चांदीच्या क्षारावर उजेड पडला की काय होतं, ते मलाच समजावून सांगत राहिले. मी ते पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेतही लिहिलं होतं. पण ते कोणाला इतकं जिव्हाळ्याचं वाटू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

श्रावणरावांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख लिहावा, असं आमच्या सिनेमाच्या मंडळाने सुचवलं, तेव्हा मी आधी त्यांना भेटायला गेले. आपला गौरव होतो आहे, याचाच त्यांना त्रास होत होता. मग म्हणाले की पार्वताची गोष्ट त्यात येणार असेल तर ग्रंथ काढा, नाही तर काढू नका. म्हणून ती इथे सांगते आहे. अशा लेखात ती शोभते की नाही, हे वाचकांनी ठरवावं.

आमच्या पिढीच्या भंडारेकरांना श्रावणराव ठाऊक आहेत ते रविवारच्या सिनेमामुळे. तरुणपणी ते एका फिरत्या टॉकीजमध्ये मशीन चालवत. लाखांदूरकडच्या शेतकरी घरातला मुलगा तंबूतल्या पडद्यामागे गेला, तो मनाने परत आलाच नाही. पुढे चित्रकलेची परीक्षा देऊन ते शिक्षक झाले, पण अमरावतीच्या वितरकांनी टाकून दिलेल्या सोळा मिलिमीटरच्या प्रिंट ते मागून आणत, फाटलेलं प्रत्येक छिद्र चिकटवून नीट करत, आणि कारध्याच्या एका राइस मिलच्या गोदामात, खिडक्यांना बारदाना ठोकून, भर दुपारी दाखवत. जुने मूकपट, कृष्णधवल बोलपट, आम्हाला न समजणाऱ्या भाषांमधलेही. जुन्या कॅमेरामननी चेहऱ्यावर उजेड कसा ठेवला आहे, ते पाहा, एवढंच ते आधी सांगत.

एकदा एका चित्रपटाचं शेवटचं रीळ डब्यात निघालंच नाही. समोर शंभरेक माणसं बसलेली, निम्मे धान भरायला आलेले शेतकरी. श्रावणराव पडद्यासमोर उभे राहिले आणि राहिलेली गोष्ट त्यांनी झाडीबोलीत सांगितली. कोण कोणाकडे पाहतं, दिवा कुठे आहे, दार किती उघडं आहे, सगळं. बायका डोळे पुसत बाहेर पडल्या. पुढच्या रविवारी एका म्हाताऱ्याने विचारलं की मागच्या खेपेसारखं शेवटचं रीळ आजही तुम्हीच सांगणार का.

माणसाचं चित्र त्याला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. बाजारात भाजी विकणाऱ्या बाईलाही ते कॅमेरा दाखवून परवानगी मागत. ती नाही म्हणाली तर नमस्कार करून पुढे जात. अलीकडे लग्नांत व्हिडिओ आला. लोक घरी येऊन गळ घालू लागले. त्यांनी कोणालाच होकार दिला नाही. मी कारण विचारलं तेव्हा ते व्हिडिओला नावं ठेवायला लागले नाहीत. “ज्या चित्राची वाट पाह्यली नाही, त्याच्याकडं मले पाह्यता येत नाही, बाई,” असं म्हणाले आणि विषय सोडून दिला.

‘बोडी’चं चित्रण त्यांनी सुरू केलं तेव्हा मी शाळेत रुळले होते. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं लहान तळं. तिच्या पाण्यावर धान जगवणाऱ्या दोघींची, मायलेकींची, साधी गोष्ट होती. कॅमेरा चावीचा, सेकंडहँड; फिल्म मुदत उलटलेली. प्रत्येक सुट्टीत आम्ही दोन-तीन माणसं एसटीने लाखांदूरला जात असू आणि तिथून पायी, जिथे चित्रण चाले त्या गावात. धुलाई शाळेच्या प्रयोगशाळेत, माझ्या देखरेखीखाली. लाकडी पिंपावर गुंडाळलेली ओली फिल्म वाळत असायची, आणि श्रावणराव तिच्याकडे असे पाहत की आपण बाहेर जावं, असं वाटे.

मुलीचं काम करणारी पार्वता खरोखरच त्या गावची, जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची. वडील नव्हते. आई गिरजाबाई आणि ती, दोघीच शेत करत. गावाने बरीच कुजबुज केली, पण गिरजाबाईंनी ऐकलं नाही. त्यांना लेक पडद्यावर पाहायची होती. चित्र तयार झालं की पहिल्यांदा तुम्हालाच दाखवीन, असा शब्द श्रावणरावांनी त्यांना दिला होता.

पौषातली सकाळ होती. पार्वता कमरेएवढ्या पाण्यात उतरून बोडीच्या तोंडाशी अडकलेला कचरा काढते, असं दृश्य होतं. पाण्यावरून परतलेला उजेड तिच्या चेहऱ्यावर यायला हवा होता. पहिल्यांदा ढग आला, दुसऱ्यांदा कॅमेऱ्याची चावी संपली, तिसऱ्यांदा ती हसली. तो उजेड तिच्याकडे वळवायला मी काठावर पांढरी चादर धरून उभी होते. तिचे ओठ निळे पडलेले मला दिसत होते. मी म्हणाले, सर, पुरे करू या. ते कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणाले, “एकच बार, बाई. उजेड आला हाय.” मी चादर खाली ठेवली नाही. पार्वता चौथ्यांदा पाण्यात उतरली.

आठ दिवसांनी तिला ताप आला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात आणलं, पण उपयोग झाला नाही. बाराव्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला. तिच्या टोलीवर, म्हणजे वस्तीवर, आणखी दोघं त्याच तापाने आजारी होते, म्हणजे थंडीत उभं राहण्याशी त्याचा संबंध नव्हता. हे मी श्रावणरावांना पुष्कळदा सांगितलं. डॉक्टरांनीही सांगितलं. ते ऐकून घेत. त्यांनी ते कधी मानलं मात्र नाही. कॅमेरा त्यांनी कपाटात ठेवला. नेगेटिव्ह धुऊन तयार होती, तिची प्रिंट काढायला ती मुंबईला पाठवायची होती. तो डबा त्यांनी माझ्या प्रयोगशाळेत आणून ठेवला आणि पुन्हा उघडला नाही. चित्रकलेच्या तासाला ते मुलांना फळ्यावर चित्र काढायला लावून स्वतः खिडकीशी उभे राहू लागले.

जवळजवळ वर्षाने, शाळेला सुट्टी असताना, गिरजाबाई एकट्याच एसटीने आल्या. शिपाई त्यांना प्रयोगशाळेत घेऊन आला. श्रावणराव तिथेच होते. त्या खाली बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “पोरगी दाखवतो म्हनलं होतं ना, गुरुजी?”

श्रावणरावांनी त्यांना समजावलं की चित्र अजून उलटं आहे, पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं. सुलटं करायला मुंबईला पाठवावं लागतं, आणि ते आपल्याने झालं नाही. गिरजाबाई म्हणाल्या, जसं असेल तसं दाखवा.

नेगेटिव्ह म्हणजे मूळ. ती मशीनवर चढवली की ओरखडे पडतात, आणि ते पुढच्या प्रत्येक प्रिंटमध्ये उतरतात. हातमोज्याशिवाय ती कोणाला धरू न देणारे श्रावणराव. त्यांनी खिडक्यांचे काळे पडदे ओढले, प्रोजेक्टर टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे न पाहता नेगेटिव्ह त्यात ओवली.

भिंतीवर काळं आकाश आलं. काळ्या चेहऱ्याची मुलगी पाण्यात उतरली. तिची वेणी पांढरीशुभ्र होती. गिरजाबाई म्हणाल्या, “केस पिकले हिचे.”

श्रावणराव घाईने सांगू लागले की तसं नाही, ते उलटं आहे म्हणून. गिरजाबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“राहू द्या, गुरुजी. लेकीचं म्हातारपन कोन्या मायले पाह्यले भेटते?”

मग चौथ्या वेळचं चित्र आलं. त्यात पार्वता थरथरत होती, अगदी स्पष्ट. आईला ते दिसलंच. “थंडी वाजून राह्यली हिले,” त्या म्हणाल्या.

“हो,” श्रावणराव म्हणाले. “मीच उभं ठेवलं होतं. बाई नको म्हणत होत्या. मी ऐकलं नाही.”

फिल्म संपली, भिंत पांढरी झाली. गिरजाबाईंनी पुन्हा लावायला सांगितलं. श्रावणरावांनी पुन्हा लावली. दुसऱ्यांदा मला पहिल्या ओरखड्याची रेघ दिसली, तिच्या खांद्यावरून खाली गेलेली. श्रावणरावांनाही दिसली असणार. तिसऱ्यांदाही त्यांनी लावली.

दुपारच्या गाडीला आम्ही दोघं गिरजाबाईंना पोचवायला गेलो. गाडीत चढण्याआधी त्या श्रावणरावांना म्हणाल्या, “त्या दिशी घरी आली तं हासून राह्यली होती. सांगे, माय, चार बार उतरवलं मले पान्यात.” एवढंच. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, दोषही दिला नाही. गाडी गेल्यावर श्रावणराव फलाटावरच्या बाकावर बसले. त्यांच्यासोबत मी किती वेळ बसले होते, ते आठवत नाही.

त्यानंतरही रविवारचा सिनेमा चालू राहिला. दुसऱ्यांच्या चित्रपटांतले चेहरे ते आम्हाला दाखवत राहिले. मला दीर्घ आजारपण आलं त्या वर्षी ते रोज शाळा सुटल्यावर माझे तपासायचे पेपर घेऊन जात आणि गुण तेवढे मला विचारून भरत. रसायनशास्त्राची उत्तरं त्यांनी कुठे बसून शिकून घेतली, ते त्यांनाच ठाऊक. पण ‘बोडी’ पूर्ण करा, असं कोणी म्हटलं की ते उठून जात. मंडळातल्या तरुणांना यामुळे ते तुसडे वाटले. ते तुसडे नव्हते, हे सांगण्याची ही जागा आहे.

आता त्यांना काचबिंदू झाला आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली टिकवायची. कडेचं त्यांना दिसत नाही. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसतं. मागच्या महिन्यात ते काठी टेकत माझ्याकडे आले आणि म्हणाले, “बाई, डबा काढा.”

तेव्हापासून आम्ही रोज सकाळी बसतो. मी भिंगाखाली फिल्म धरते, चौकटीत काय आहे ते सांगते, आणि कुठे कापायचं ते श्रावणराव सांगतात. ओरखडे पडलेला भाग वगळता येईल, असं मी सुचवलं. तो तसाच ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं आहे. चौथ्या वेळचं दृश्यही. जोडलेली नेगेटिव्ह मुंबईला जाईल, या खेपेस चित्र सुलटं होऊन येईल.

असा माणूस आपल्यात आहे, हे आपलं भाग्य, असं लिहिण्याची अशा लेखांत रीत असते. मला ते भाग्य पुष्कळदा जड गेलं आहे, तरी ते भाग्यच आहे. श्रावणरावांना उदंड आयुष्य आणि आरोग्य लाभावं, ही सर्व स्नेह्यांची इच्छा कोणत्या शब्दांत लिहावी, याचा विचार करत होते, तेवढ्यात गिरजाबाईंचा निरोप आला. चित्र पाहायला या, असं आम्ही त्यांना कळवलं होतं. त्यांनी सांगून पाठवलं आहे, “धान निंगल्यावर येतो. तवर गुरुजीले डोये संभालाले सांगा.”

याहून चांगली शुभेच्छा मला सुचत नाही.