तहकूब कोण करतो?

राज्यशास्त्र शिकवणाऱ्याकडे किस्से साठतात, त्यात त्याचं कर्तृत्व काही नाही. आमच्या कॉलेजातल्या गणिताच्या सरांना टपरीवर अडवून त्रिकोणाबद्दल कुणी विचारत नाही. मला मात्र सेलूच्या स्टेशन रोडवर रोज कुणीतरी गाठतंच. "सर, सरकार टिकायलंय का?" मी सांगतो, बाबा रे, मी बी.ए.ला शिकवतो, सरकारला नाही. तरी चहा पाजतात आणि वर स्वतःचंच मत ऐकवून जातात. निम्मे किस्से टपरीवर मिळतात, उरलेले वर्गात.

* * *

गणेश पाथरीहून एसटीने येतो आणि शेवटच्या बाकावर बसतो. परीक्षेत विचारलं होतं, 'द्विगृही कायदेमंडळ म्हणजे काय?' याने लिहिलं, "ज्या कायदेमंडळातल्या सभासदांना दोन घरं असतात, एक गावाकडं आणि एक मुंबईत, त्याला द्विगृही म्हणतात."

मी शून्य दिलं. पठ्ठ्या पेपर घेऊन स्टाफरूममध्ये हजर. "सर, चुकलं कुठं तेवढं सांगा."

उत्तर चूक होतं, पण खोटं कसं म्हणणार? अर्धा मार्क देऊन वाटेला लावला.

* * *

याच गणेशला वर्गात सत्ताविभाजन विचारलं. म्हणाला, "पक्ष फुटल्यावर जे होतं ते."

यावेळी मार्कांचा प्रश्न नव्हता, म्हणून मीही हसून घेतलं.

* * *

दिवाळी झाली की आमचा वर्ग निम्मा होतो. घरचे ऊसतोडीला जातात. काही पोरं त्यांच्याबरोबर जातात, काही जनावरं सांभाळायला मागे राहतात. अशाच एका सकाळी मोजकी डोकी समोर होती. नेमकं आदल्या दिवशी मी सभेचे नियम शिकवले होते.

गणेश उभा राहिला. "सर, गणपूर्ती न्हाई. तास तहकूब करा."

"तहकूब कोण करतो? सभासद की अध्यक्ष?"

"अध्यक्ष."

"मग बस खाली."

पहिल्या बाकावरची संगीता हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

* * *

ही संगीता म्हणजे चारठाण्याकडच्या एका गावची सरपंच! जागा महिलेसाठी सुटली, घरच्यांनी हिला उभी केली आणि निवडूनही आणली. पण गावात 'सरपंच' अशी हाक मारली की वळून बघतात ते तिचे मालक, भागवतराव. माणूस वाईट नाही. लग्नानंतर बायकोला शिकू देतो, मोटरसायकलवर आणून सोडतो, डबाही स्वतःच धरतो.

एकदा मी हजेरी घेत होतो. संगीताचं नाव पुकारलं आणि खिडकीबाहेरून आवाज आला, "हाय सर! आताच आणून सोडली."

वर्ग खदखदला. मी म्हणालो, "भागवतराव, तिचं तिला बोलू द्या की."

"ती लय बोलत न्हाई, सर," ते अगदी कौतुकाने म्हणाले. संगीताने मान खाली घातली. मलाच वाईट वाटलं.

* * *

तोंडी परीक्षेत मी मुद्दामच तिला सोपा प्रश्न विचारला. "सरपंचाचे अधिकार सांग."

तिने विचारलं, "पुस्तकातले का आमच्या गावातले?"

"गावातले सांग."

"सही करणं."

मी पूर्ण मार्क दिले आणि पुढच्या मुलाला बोलावलं. ही पोरगी डिग्री घेईल, पण आपल्या खुर्चीत कधी बसेल का, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

* * *

यंदा मुलांना ग्रामसभा दाखवायला तिच्याच गावी नेलं. मंदिरापुढे सतरंज्या अंथरलेल्या. मधोमध टेबल आणि त्यामागे हात असलेली एकच खुर्ची. तीत भागवतराव इस्त्रीच्या कपड्यांत बसलेले. संगीता बायकांमध्ये सतरंजीवर, डोक्यावर पदर. आम्ही दिसताच भागवतरावांनी आम्हाला हात जोडले.

ग्रामसेवक त्यांच्याकडे बघून म्हणाले, "सरपंच, करायची का सुरू?"

"करा की."

"थांबा," संगीता म्हणाली. बसल्या जागीच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "अध्यक्ष खुर्चीत न्हाईत. सभा तहकूब."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. भागवतराव हसले. "आगं, तहकूब कर म्हणून तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगत नसतं. ते अध्यक्षानंच करायचं असतं."

गणेश माझ्या कानाशी लागला, "सर, बरोबर हाय की." मी त्याला गप्प बसवलं. भागवतरावांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं, पण आता कुणाकडे बघावं हे त्यांना कळत नव्हतं.

ग्रामसेवकांनी एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा सतरंजीकडे. मग खुर्चीकडे पाठ करून संगीतापुढे येऊन उभे राहिले.

"मग सरपंचबाई, परत कधी भरवायची?"

संगीता पदर सावरत उठली.

"खुर्ची रिकामी झाली की लगेच."