उलाळ कॅम्पर: डिझेल पिकअप घेऊन मआमीर ते सखीर

शनिवार, ७ फेब्रुवारी. मनामा.

जुलैनंतर इथे एक ओळही लिहिली नाही. जे चार-पाच वाचक अजून टिकून आहेत, त्यांची माफी मागतो. आजारी नव्हतो, नोकरीही शाबूत आहे. सात महिने मी पिकअप ट्रक निवडत होतो.

हसू नका. दोन वर्षांपूर्वी बहारीन सोडून निघालेल्या एका शेजाऱ्याकडून मी कॅम्पर ट्रेलर घेतला. म्हणजे चाकांवरची खोली: दोन पलंग, एक ओटा आणि कधीच न उघडणारी एक खिडकी. घेतल्यावर कळलं की आमची सेडान हे धूड ओढू शकत नाही. बायको मानसी तेव्हा म्हणाली होती, "घोडा नसताना नुसती नाल आणली असतीस, तर निदान दाराला ठोकता आली असती." तेव्हापासून कॅम्पर मआमीरच्या एका यार्डात उभा होता, आणि मी दर हिवाळ्यात मुलीला, इराला, सांगत होतो की या सीझनला नक्की. इरा अकरावीत आहे. पुढच्या वर्षी बारावी, म्हणजे मराठी घरात वर्षभर संचारबंदी. त्यामुळे हा शेवटचा हिवाळा.

मी एका कारखान्याच्या सेफ्टी विभागात आहे. निर्णय घेण्यापूर्वी तक्ता करतो. पिकअपच्या तक्त्यात एकोणीस रकाने झाले. डिझेलच का, हे पहिल्याच रकान्यात ठरलं: इंजिन कमी फेऱ्यांवर जोर लावतं, ओझं निवांत ओढतं, तापलं तरी कुरकुरत नाही. पुढचे अठरा रकाने मात्र इंटरनेटने माझ्या डोक्यात घातले. तिकडचे लोक बर्फातून, घाटातून तीन-तीन टन ओढतात. आमचा सगळ्यात उंच डोंगर जेबेल दुखान, तो पुण्यातल्या तळजाईच्या टेकडीसमोरही संकोचून उभा राहील. आणि सगळा प्रवास एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तासाभराचा. तरीही मी चढावरच्या टॉर्कचा रकाना काढून टाकला नाही.

शेवटी तीन गाड्या उरल्या. एक शोरूममधली नवी, ऑटोमॅटिक, टीव्हीएवढ्या पडद्याची. दुसरी इतकी रुंद की आमच्या सलमानियातल्या गल्लीत ती शिरली तर गल्ली बाहेर काढावी लागेल. तिसरी सहा वर्षं जुनी, साधे गिअर, चार दारं, अडीच लिटरचं डिझेल इंजिन. ही बांधकामाचं सामान विकणाऱ्या अबू हसन यांची. ते नवी घेणार होते म्हणून जुनी विकत होते. म्हणाले, "शुक्रवार-शनिवार ले जाओ, ट्रायल करो. लेकिन तानाजी साथ में."

तानाजीराव त्यांचे ड्रायव्हर. माण तालुक्यातले, माझ्याच वयाचे, अकरा वर्षं याच दुकानात. गाडी त्यांच्याच हातातली. ऑइल, टायर, ब्रेक सगळं तेच बघतात.

गुरुवार संध्याकाळ: मआमीर

कॅम्परमध्ये सामान मी एकट्याने भरलं, चेकलिस्ट घेऊन. वीस लिटरचे पाण्याचे आठ कॅन, जनरेटर, गॅस, कुकर, गालिचे, घडीच्या खुर्च्या. पिकअपच्या मागे जो लोखंडी गोळा असतो, ज्यावर ट्रेलरचा दांडा बसतो, त्याच्यावर फार भार नको असं मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून विचारपूर्वक सगळं जड सामान ट्रेलरच्या अगदी शेवटी रचलं. दारही मागेच होतं, सोयीचं पडलं. पट्ट्यांनी आवळलं, फोटो काढले, चेकलिस्टवर सही केली. सही कोणासाठी केली ते विचारू नका.

शुक्रवार सकाळ: हूरा, मग पुन्हा मआमीर

हूरात नाश्ता. गरम खुबूस म्हणजे इथली रोटी, अंडी, कराक चहा. चौघांचं पोट अडीच दिनारात भरलं. तुम्ही जाणार असाल तर इथेच खाऊन घ्या, पुढे वाळवंटात तुम्ही आणि तुमचं नशीब. डिझेलसाठीही आधीच थांबा. प्रत्येक पंपावर डिझेलची रांग नसते, आणि जिथे असते तिथे तुमच्या पुढे सहा टिपर असतात.

मआमीरच्या यार्डात तानाजीरावांनी ट्रेलर जोडला, साखळी अडकवली, दिवे लावून बघितले. मग कॅम्परकडे पाहत विचारलं, "साहेब, लोड कसा लावलाय?"

"चेकलिस्टप्रमाणे," मी कागद दाखवला.

"बरं. तुम्ही सेफ्टीवाले." असं म्हणून ते पिकअपकडे वळले. त्या "बरं"मध्ये काय होतं ते मला ऐकू यायला हवं होतं.

ट्रायल माझी, म्हणून गाडी मी चालवली. तानाजीराव शेजारी, मायलेकी मागे. रिफापर्यंत झकास. गिअर लोण्यासारखे, इंजिनाचा आवाज दमदार. मी एकेका रकान्यात मनातल्या मनात दहापैकी नऊ देत होतो. अवालीकडे रस्ता मोकळा झाला, मी नव्वदवर गेलो. उजवीकडून शमालचा, म्हणजे इथल्या वायव्येच्या वाऱ्याचा, झोत आला आणि त्याच वेळी डावीकडून एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडून गेला.

कॅम्परने शेपूट हलवलं. आधी थोडं, मग जोरात. आरशात तो एकदा डावीकडे दिसे, एकदा उजवीकडे, आणि प्रत्येक हिसक्याला पिकअपचा मागचा भाग त्याच्याबरोबर ओढला जाई. इरा ओरडली, "बाबा!" माझा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको! ब्रेक नको साहेब, पाय काढा! हँडल सरळ धरा, सरळ!"

मी पाय काढला. गाडी आपोआप मंदावत गेली, कॅम्पर आणखी दोनदा फिरला आणि निमूट मागे आला. कडेला थांबलो. मानसीने इराचा हात धरला होता, इराने सीटबेल्ट.

आता मी जे केलं ते लिहितो. लिहू नये असं वाटतंय, म्हणूनच लिहितो. गाडी थांबल्या थांबल्या मी फोन काढला आणि अबू हसन यांना व्हॉइस मेसेज केला: गाडीचा मागचा भाग ढिला आहे, सस्पेन्शनमध्ये दोष आहे, देखभाल नीट झालेली नाही, आणि हे मी सेफ्टी इंजिनिअर म्हणून सांगतोय. हे सगळं तानाजीराव शेजारी बसलेले असताना. ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर तेलाच्या पाइपलाइनींशिवाय काहीही नव्हतं.

पाच मिनिटांत उत्तर आलं. स्पीकर चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. "मिस्टर नंदन, व्हेरी सॉरी. तानाजी बोला था गाडी नंबर वन. संडे को मैं उससे बात करेगा. दो सौ दिनार कम, खलास."

शुक्रवार दुपार: अवालीच्या अलीकडे

चाळीसच्या वेगाने रडतखडत एका मोकळ्या पार्किंगपर्यंत आलो. तानाजीराव उतरले, कॅम्परच्या चाकांना दगड लावले, दांडा गोळ्यावरून सोडवला.

"या साहेब. उचला."

"काय?"

"दांडा. उचला की."

दीड टनाचा कॅम्पर. मी दोन्ही हातांनी, कंबर सांभाळून, आमच्या कारखान्याच्या सेफ्टी पोस्टरमध्ये दाखवतात तसा वाकून जोर लावला. दांडा सुपासारखा वर आला. मी जवळजवळ मागे पडलो.

"उलाळ झालीय," तानाजीराव म्हणाले. "समदं वझं मागं टाकलंय तुम्ही."

"पण पिकअपवर भार नको म्हणून..."

"भार नको कसा? आमच्याकडं बैलगाडीत कडबा भरताना बापानं पहिलं हेच शिकवलं. मागं जास्त झालं तर जू वर उठतं, बैलाला गळफास बसतो. पुढं जास्त झालं तर धुरजड, बैल माना टाकतो. जू कसं, मानेवर बसलं पाहिजे. दाबायचं न्हाई, उठायचं बी न्हाई."

मानसी मागून म्हणाली, "एकोणीस रकाने केलेस. बैल कुठल्या रकान्यात होता?"

तासभर आम्ही सामान हलवलं. पाण्याचे कॅन आणि जनरेटर चाकांच्या जरा पुढे, हलक्या खुर्च्या मागे. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा दांड्यावर यावा, असा हिशेब इराने फोनवर शोधून काढला. म्हणजे तानाजीरावांच्या वडिलांनी जे सांगितलं तेच, फक्त टक्केवारीत. पुन्हा मी दांडा उचलायला गेलो. तो जागचा हलला नाही. तानाजीराव हसले, त्या दिवशी पहिल्यांदा.

पुढे सखीरपर्यंत कॅम्पर शहाण्या मुलासारखा मागे आला. शमाल तसाच होता, ट्रकही तसेच होते. सस्पेन्शन तर तेच होतं.

सखीर

इथे हिवाळ्यात अख्खं बहारीन तंबू ठोकून राहतं. तळासाठी नोंदणी लागते, ती सीझनच्या आधी करा. आम्ही मानसीच्या बँकेतल्या एका मैत्रिणीच्या कुटुंबाच्या तळावर पाहुणे होतो. त्यांचा तंबू म्हणजे दिवाणखाना: सोफे, टीव्ही, झुंबर. आमचा कॅम्पर त्याच्याशेजारी त्यांच्या चपलांच्या कपाटासारखा दिसत होता. त्यांनी परातभर मजबूस, म्हणजे इथला मसालेदार मांस-भात, पाठवला, मानसीने बदल्यात साबुदाण्याची खिचडी. ती त्यांना काय वाटली ते कळलं नाही, पण परात धुऊन परत आली.

सूर्य मावळताना तानाजीराव चूल पेटवत होते. मी म्हणालो, "मी अबू हसनना सांगतो."

"राहू द्या साहेब. अरबाब म्हणजे मालक माणूस. वरडतो, मग चहा पाजतो." थोड्या वेळाने, लाकडं सरकवता सरकवता, ते म्हणाले, "फकस्त, नव्या गाडीची चावी माझ्याकडं देणार म्हणाला होता. दुसरा ड्रायव्हर पण मागतोय. माझं एवढंच सांगणं असायचं की अकरा वर्षांत गाडीची एक तक्रार न्हाई. आता एक आली." मग, "इंशाल्ला, बघू."

मी बाजूला जाऊन अबू हसनना फोन लावला. बंद. दोनदा लावला. मग मेसेज लिहायला बसलो. पाच परिच्छेद झाले: भारवितरण, वाऱ्याचा वेग, भविष्यातील उपाययोजना. पाठवायच्या आधी इराला वाचायला दिला.

"बाबा, धिस इज अ रिपोर्ट. तुझं नाव कुठे आहे यात?"

नव्हतं. पाचही परिच्छेदांत कुठेच नव्हतं. कारखान्यात असे शेकडो अहवाल लिहिले, त्यांत अपघात नेहमी आपोआप होतात. मी ते खोडलं आणि एक ओळ पाठवली: गाडी चांगली आहे, सामान मी चुकीचं भरलं होतं. लगेच नवी शंका: उद्या मी हीच गाडी घेतली, तर ते म्हणतील, आधी नावं ठेवून भाव पाडला, आता गोड बोलतोय. मानसीला सांगितलं.

"मग पूर्ण भाव दे," ती म्हणाली. "त्यात विचार करण्यासारखं काय आहे?"

शनिवार: परत

सकाळी थंडी, धुकं, आणि लांबवर उंट. तुमच्याकडे जास्तीची सकाळ असेल तर जीवनवृक्ष बघून या, वाळवंटात एकटंच उभं असलेलं ते झाड. तिथे पाणी न्या, अपेक्षा जरा कमी न्या. येताना तानाजीरावांना गाडी चालवायला दिली आणि मी शेजारी बसून नुसतं शिकलो. ते आरशात बघतात ते ट्रेलरकडे नाही, ट्रेलरच्या मागच्या रस्त्याकडे. मआमीरला कॅम्पर सोडून बाराच्या आत घरी. दोन दिवसांचा खर्च, डिझेलसकट, वीस दिनारांच्या आत.

आता तुमच्यासाठी निष्कर्ष. डिझेल पिकअप घेताना ती किती टन ओढते एवढंच बघू नका. दांड्याचा किती भार पेलते ते बघा, आणि पाण्याचे कॅन कुठे ठेवायचे ते एखाद्या बैलगाडीवाल्याला विचारा. साधे गिअर चालतात. पडदा नसला तरी चालतं. मी तिसरी गाडी घेणार आहे, आणि मूळ भावाने, दोनशे दिनारांची सूट न घेता.

सहलीतून काय उरलं याचा दुपारपासून विचार करतोय. इरा खूश आहे. म्हणाली, वेगळं काही नको, परत तिथेच जाऊ. ते उरायला हवं होतं. पण मला राहून राहून दिसतो तो तानाजीरावांचा खिडकीकडे वळलेला चेहरा, माझा मेसेज चालू असतानाचा. घाबरलो होतो हे खरं. पण घाबरलेल्या माणसाला इतकी नेमकी तांत्रिक कारणं सुचत नाहीत. मला आतून कळलं होतं की काहीतरी माझंच चुकलंय, आणि म्हणूनच मी इतक्या घाईने दुसऱ्याचं नाव पुढे केलं, असा मला संशय आहे. संशय म्हणजे खात्रीच.

कालच्या त्या ओळीवर दोन निळ्या खुणा आल्या आहेत, म्हणजे ती वाचली गेली आहे. उत्तर नाही.

उद्या: सकाळी सातला दुकान उघडताना अबू हसन यांच्यासमोर, आणि तानाजीराव तिथे हजर असतानाच, गाडीत दोष नव्हता आणि चूक माझी होती, हे तोंडाने सांगणे.