कोपराची जागा

मंगरूळपीरला दर्ग्याच्या रस्त्यावर गाड्यांचा पत्रा ठोकून रंगवणारा एक डेंटर आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्याला चाचा म्हणतात. गंजलेल्या पत्र्यावरून तो डोळे मिटून तळहात फिरवतो आणि पुटपुटतो, "इथं सडून राह्यला... इथं अजून जीव हाय." दुपारी त्याच्या शेडमध्ये घासलेल्या पुट्टीची धूळ उन्हात तरंगत असते. बोलता बोलता वाक्य अर्धंच सोडून तो त्या धुळीकडे बघत बसतो.

बाबा गेल्यावर त्यांची जुनी मोटार विकण्याआधी मी त्याच्याकडे दिली. त्यानं गंज खरवडला, कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, सगळी गाडी रंगवली. फक्त ड्रायव्हरच्या खिडकीखालची वीतभर जागा सोडली. तिथला रंग झिजून पत्रा गुळगुळीत झाला होता.

"इथं कोणाचं कोपर टेकत होतं?"

"बाबांचं. पण तीही जागा रंगवा. गाडी विकायची आहे."

"माहा हात नाही चालून राह्यला. तुमीच मारा."

रंग फवारायची गन माझ्या हातात देऊन तो पाठमोरा बसला.

मी गन पत्र्यासमोर धरली. बाबा मेडशीच्या रस्त्यानं सावकाश गाडी चालवत आहेत, खिडकीबाहेर त्यांची बाही वाऱ्यानं फुगली आहे, असं दिसत राहिलं. माझं बोट हललंच नाही.

"झालं?" त्यानं न वळताच विचारलं.

"राहू द्या, चाचा."

मग तो उठला. उघड्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून त्यानं त्यावर बिनरंगाचं लॅकर मारलं आणि ते सुकेपर्यंत तिथं कोणाला हात लावू दिला नाही. मलाही नाही.